पोटगी एक नसते: कौटुंबिक न्यायालयातले शब्द

समन्सचं पाकीट फोडलं की घरातल्यांची नजर पहिल्यांदा एका शब्दावर अडकते: जाबदार. जाब विचारतात तो चुकलेल्याला, अशी आपली समजूत. त्यामुळे ‘आमच्यावर केस झाली’ म्हणून निम्मं घर तिथेच हातपाय गाळतं. कोर्टात जाबदार म्हणजे ज्याने उत्तर द्यायचं तो, एवढंच. ज्याने आधी कागद दाखल केला तो अर्जदार, समोरचा आपोआप जाबदार. काही ठिकाणी सामनेवाला किंवा प्रतिवादी लिहितात. आधी गेला म्हणून अर्जदार वरचढ ठरत नाही, आणि जाबदारालाही त्याच प्रकरणात स्वतःची उलट मागणी करता येते.

घटस्फोटाच्या कागदांत असे शब्द पावलोपावली भेटतात. नांदणं, पोटगी, ताबा, संमती: सगळे रोजच्या बोलण्यातले. पण कोर्टात त्यांचा अर्थ घरातल्यापेक्षा अरुंद असतो, आणि त्या दोन अर्थांमधल्या फटीत लोकांची वर्षं जातात. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख विवाहांनाही लागतो.

पहिला घोळ इथेच होतो. ‘आमचं लग्न रजिस्टर आहे, म्हणजे कोर्ट मॅरेज’ असं लोक सर्रास सांगतात. लग्न हॉलमध्ये अक्षता टाकून झालं आणि नंतर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदवलं, तर ती १९९८च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखालची नुसती नोंद. लग्न हिंदू विवाहच राहतं. तीस दिवसांची नोटीस लावून विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न केलं असेल तर ते विशेष विवाह कायदा, १९५४ खालचं. कलमं त्यावरून बदलतात: परस्पर संमतीचं कलम पहिल्यात १३-ब, दुसऱ्यात २८. वकिलाकडे जाताना पत्रिका आणि दाखला दोन्ही न्या, तोंडी सांगू नका. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी विवाहांचे कायदे वेगळे. पारशी विवाहांसाठी तर मुंबई उच्च न्यायालयात वेगळं विवाह न्यायालय भरतं आणि तिथे आजही समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात. ज्यूरी देशातून गेली, तिथे तेवढी उरली.

तारखेची भाषा

मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात केस नंबराच्या आधी एक अक्षर असतं. ‘ए’ म्हणजे विवाहाबद्दलचा अर्ज: घटस्फोट, विभक्तता, नांदायला येण्याचा दावा. ‘डी’ मुलांच्या ताब्याचा, ‘ई’ फौजदारी प्रक्रियेखालच्या पोटगीचा, ‘एफ’ परस्पर संमतीचा. समन्स हातात आलं की आधी हे अक्षर बघा, पाकिटात काय आलंय ते कळतं. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हेच प्रकरण दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतं. अर्ज कुठे करायचा? लग्न झालं तिथे, जाबदार राहतो तिथे, किंवा दोघं शेवटचं एकत्र राहिले तिथे. २००३च्या दुरुस्तीपासून पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही.

समन्स घेऊन बेलिफ आला की दार न उघडणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्याने काही साधत नाही. नकार दिला तरी समन्स बजावलं असंच धरतात, दाराला चिकटवूनही बजावता येतं. मग पुढे काय होतं ते रोजनाम्यात दिसतं. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय घडलं त्याची नोंद, आणि त्यातल्या चार ओळी साधारण अशा असतात: ‘अर्जदार वकिलांसह हजर. जाबदार पुकारा करूनही गैरहजर. समन्स बजावणीचा अहवाल निशाणी ७ वर. प्रकरण जाबदाराविरुद्ध एकतर्फी चालवण्यात यावे.’ शेवटचं वाक्य पडलं की तुमच्या गैरहजेरीत समोरच्याचा पुरावा होतो आणि एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, निघू शकतो.

तो रद्द करून घ्यायला तीस दिवस मिळतात. समन्स नीट बजावलंच नव्हतं असं दाखवता आलं तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. ‘मला माहीतच नव्हतं’ हे पुरेसं नाही. तेव्हा तुम्ही कुठे राहत होता याचे कागद लागतात.

निशाणी म्हणजे कोर्टाने कागदावर टाकलेला क्रमांक. दिवाणी कोर्टात ‘निशाणी ५’ म्हटलं की तात्पुरत्या मनाईचा अर्ज, इतकं ते रुळलंय. वकील फोनवर ‘निशाणी १४ वर आपलं म्हणणं द्यायचंय’ म्हणाले तर समोरच्याने एक मधला अर्ज दिलाय आणि त्यावर तुमचं लेखी उत्तर हवंय. मूळ अर्जावरचं सविस्तर उत्तर ती कैफियत. तिला तीस दिवस, कोर्टाने वाढवले तर नव्वद. त्यानंतरही बऱ्याचदा खर्च लावून घेतात, पण ‘विना कैफियत’ असा शेरा एकदा पडला की तो काढायला वेगळा अर्ज, वेगळी तारीख. सरतपासणी म्हणजे आपलं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर देणं, उलटतपासणी म्हणजे समोरच्या वकिलाने त्यावर प्रश्न विचारणं. ई-कोर्ट्सच्या साइटवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि दिवसाचं कामकाज घरबसल्या दिसतं. क्रमांक वकिलाकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्काने उभा राहत नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यामागची कल्पना अशी की नवरा-बायको आधी स्वतः बोलतील. म्हणून सुरुवातीच्या तारखा विवाह समुपदेशकाकडे जातात. तिथे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरत नाहीत. लोक मात्र तिथेच सगळ्यात जास्त सांभाळून बोलतात आणि कैफियतीत, जिथे सांभाळायला हवं, तिथे नको ते लिहून बसतात. महिला अर्जदारांना पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्रात १९९४पासून कोर्ट फी माफ आहे. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

काडीमोड आणि हुकूमनामा

काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द जुने, आणि त्यांच्या जोरावर आजही शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे सही करून लोक मोकळे होतात. दोघांची सही, चार साक्षीदार, गोल शिक्का. कागद दिसायला भक्कम. पण हिंदू विवाह मोडतो तो कोर्टाच्या हुकूमनाम्याने. कायद्याच्या कलम २९ ने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट राखून ठेवलाय हे खरं, फक्त आपल्या समाजात ती रूढी जुनी, अखंड आणि निश्चित आहे हे कोर्टात शाबीत करावं लागतं. ‘आमच्यात असंच चालतं’ हे वाक्य पुरावा होत नाही.

फटका बसतो तो बऱ्याच वर्षांनी. नोटरीच्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते पहिल्या दिवसापासून रद्दबातल. पहिल्या जोडीदाराने तक्रार केली तर द्विविवाहाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि नवरा नोकरीत असताना गेला की निवृत्तिवेतनाच्या टेबलावर दोन बायका उभ्या राहतात, तेव्हा ऑफिस हुकूमनामा मागतं, स्टॅम्प नाही. एक दिलासा: अशा लग्नातली मुलं कायद्याने औरसच असतात, हिंदू विवाह कायद्याचं कलम १६.

रद्दबातल आणि रद्द करण्याजोगा यांत फरक आहे. पहिला मुळातच नाही: पहिलं लग्न चालू असताना केलेलं दुसरं, किंवा निषिद्ध नात्यातलं. मामाच्या मुलीशी लग्न यात बसतं का? कायद्याने ते नातं निषिद्धच आहे, पण रूढी असेल तर चालतं, आणि महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत ती आहे. रद्द करण्याजोगं लग्न मात्र कोणी आव्हान देईपर्यंत वैध असतं. फसवून किंवा जबरदस्तीने लावलेलं लग्न त्यात येतं, आणि तिथे घड्याळ कडक: फसवणूक कळल्यापासून एक वर्ष. कळल्यावर राजीखुशीने पुन्हा एकत्र राहिलात तर हा आधारच जातो. ‘दोन महिने बघू, सुधारेल’ म्हणून परत पाठवलेल्या मुलींची प्रकरणं इथेच अडतात. मूल होत नाही हे लग्न रद्द करायचं कारण नाही; नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच आला नसेल तर ते आहे. घाईत लिहिलेल्या अर्जांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

कलम ९ची याचिका, बोली भाषेत ‘नांदायला येण्याचा दावा’. हा मंजूर झाला म्हणून पोलिस कोणाला हाताला धरून सासरी सोडत नाहीत. मालमत्तेवर जप्ती आणता येते, प्रत्यक्षात क्वचित. मग दावा करतात कशाला? बहुतेक वेळा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून: ‘मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही.’ हे हत्यार आता बोथट झालंय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट केलं की असा हुकूमनामा विरोधात असला तरी पत्नीची पोटगी तेवढ्यावरून नाकारता येत नाही. ती न जाण्याचं कारण काय हे बघावं लागतं. हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. न्यायिक विभक्ततेचंही तसंच. विभक्ततेत लग्न शिल्लक राहतं, फक्त एकत्र राहण्याचं बंधन सुटतं. दुसरं लग्न करता येत नाही.

घटस्फोटाच्या कारणांत खरा भार वाहणारा शब्द एकच, क्रूरता. परित्याग, म्हणजे कारणाशिवाय सोडून जाणं, याला अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं लागतात, आणि मध्ये चार दिवस जरी संसार पुन्हा सुरू झाला तरी मोजणी नव्याने. क्रूरतेला कालमर्यादा नाही, पण तपशील लागतो. ‘सतत मानसिक त्रास दिला’ असं बारा परिच्छेदांत लिहिण्यापेक्षा तीन प्रसंग तारीख, जागा आणि कोण हजर होतं यासकट लिहिलेले जास्त टिकतात. उलटतपासणीत बाराच्या बारा परिच्छेद फाडले जातात. ‘पटत नाही’ हे आपल्याकडे कारण नाही. संसार पुन्हा जुळण्यापलीकडे मोडलाय एवढ्यावर घटस्फोट सर्वोच्च न्यायालय देऊ शकतं, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२खाली, आणि २०२३मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते पक्कं केलं. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. अमेरिकेत स्थायिक जोडप्यांची गोची इथे होते: तिथल्या कोर्टाने ‘पटत नाही’ म्हणून दिलेला एकतर्फी घटस्फोट इथे मान्य होईलच असं नाही. दोघांनी तिथल्या कोर्टापुढे स्वेच्छेने जाऊन संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी.

पोटगी, म्हणजे नेमकी कुठली

‘पोटगीची केस टाकलीय’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारावा. निदान चार वाटा आहेत.

कलम २४ची तात्पुरती पोटगी ही विवाहाचं प्रकरण चालू असेपर्यंतची. सोबत कोर्टखर्चही मागता येतो. नवराही मागू शकतो, उत्पन्न नसेल तर. नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत शक्यतो निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, आणि त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द आपलं काम चोख करतो. मूळ अर्ज निकाली निघाला किंवा मागे घेतला की ही पोटगी पुढे चालत नाही. हे न कळल्यामुळे नवऱ्याने अर्ज मागे घेतल्यावर पत्नी अचानक रिकाम्या हाताने उभी राहते.

कलम २५ची कायम पोटगी हुकूमनाम्याच्या वेळी किंवा नंतर. एकरकमी किंवा दरमहा. ‘कायम’ शब्दाला फसू नका: परिस्थिती बदलली तर कोर्ट ती कमी-जास्त करतं, पुनर्विवाह झाला तर बंदही करू शकतं. दरमहा येणारी पोटगी घेणाऱ्याच्या हातात करपात्र उत्पन्न धरतात, एकरकमी सहसा नाही. वाटाघाटीत हा फरक रुपयांत मोजावा.

तिसरी वाट ‘एकशे पंचवीस’, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झाली. बाररूममध्ये अजून सगळे एकशे पंचवीसच म्हणतात. हिला धर्माची अट नाही. घटस्फोटित पत्नी पुनर्विवाह करेपर्यंत, मुलं, आईवडील, सगळे मागू शकतात. घटस्फोटित मुस्लिम महिलांनाही हा मार्ग खुला असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये पुन्हा सांगितलं. या वाटेचा जोर वसुलीत आहे: दर थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘देईल हळूहळू’ म्हणून दीड वर्ष थांबलात तर आधीच्या सहा महिन्यांसाठी हा रस्ता बंद. दर दहा महिन्यांनी एक अर्ज, ही शिस्त ठेवलेली बरी.

चौथी, कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. ही प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल करतो, तो प्रकरणाचा पाया. इथे पोटगीबरोबर राहण्याचा आदेश, संरक्षणाचा आदेश, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई असं सगळं एकाच अर्जात मागता येतं. संरक्षण आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘डीव्ही’ हा शब्द ऐकून सासरचे अटकपूर्व जामिनाला धावतात. मूळ अर्जावर मात्र अटक होत नसते.

चारही ठिकाणी गेलं म्हणजे चारपट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२०चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल इथे पायाभूत आहे, आणि तो मूळ महाराष्ट्रातला, नागपूर खंडपीठाकडून वर गेलेला. त्याप्रमाणे आधीच्या कोर्टात काय मिळालंय ते पुढच्या कोर्टाला सांगणं बंधनकारक आहे. समजा, न्यायदंडाधिकाऱ्यांनी दरमहा आठ हजार दिले आणि नंतर कौटुंबिक न्यायालयाने बारा हजार योग्य ठरवले, तर वरचे चार मिळतात, वीस नाही. लपवलं तर समोरचा वकील पहिला आदेश खिशातून काढतो, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्टाचा विश्वास बसत नाही.

याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवलं. नवरेमंडळी तारखा लांबवून पैसे वाचवतात ही समजूत त्यामुळे उलटते: चौदा महिने प्रकरण रेंगाळलं आणि दरमहा दहा हजार ठरले, तर पहिल्याच दिवशी एक लाख चाळीस हजार थकबाकी अंगावर. लांबवणं महाग पडतं.

आणि याच निकालाने सक्तीचं केलेलं प्रतिज्ञापत्र. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचा तपशील ठरलेल्या नमुन्यात द्यायचा असतो. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे, त्यात जमीन, पीक, गुरंढोरं. पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे, सातबारा जोडा. गडबड होते ती ठरलेल्या जागी: नवरा मुदतठेव सोडून देतो आणि बचत खात्याच्या उताऱ्यात तिचं व्याज जमा झालेलं दिसतं, पत्नी ‘गृहिणी’ लिहिते आणि खात्यात दर महिन्याच्या सात तारखेला शिकवणीचे पैसे पडत असतात. खोटं बाहेर आलं की प्रकरण पोटगीवरून खोट्या शपथेवर घसरतं.

पगाराच्या पंचवीस टक्के हा आकडा कुठून आला? २०१७च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणापुरतं तेवढं योग्य मानलं. तेव्हापासून लोक तो कायदा असल्यासारखा सांगतात. असा कुठलाही ठरलेला दर नाही. गरजा, उत्पन्न, राहणीमान, मुलं, इतर अवलंबून असलेले, सगळं बघून आकडा निघतो.

ताबा, घर, दागिने

मुलांच्या बाबतीत पालकत्व आणि ताबा हे वेगळे. हिंदू अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई असं कायद्याचं वाक्य. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे ‘वडील हयात नसताना’ एवढाच अर्थ घ्यायचा नाही असं ठरवलं. ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. शेवटी मुलाचं हित हीच कसोटी, आणि ताब्याचा कुठलाही आदेश अखेरचा नसतो, परिस्थिती बदलली की फिरू शकतो.

भेटीच्या हक्काची वाक्यं लिहिताना कंजुषी करू नका. ‘वडील मुलाला सोयीनुसार भेटतील’ या वाक्यात कुणाची सोय ते लिहिलेलं नाही, त्यामुळे पुढची पाच वर्षं त्यावर भांडण. त्याऐवजी: दर महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा, मूल आईच्या इमारतीच्या फाटकावरून घ्यायचं आणि तिथेच सोडायचं, दिवाळीची निम्मी सुटी आलटून पालटून, बुधवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल. वाचायला रुक्ष वाटतं. पण वाद झाला तर कोर्टाला हेच राबवता येतं.

घरावर अर्धा हक्क, हे सिनेमातलं. महाराष्ट्रात घटस्फोटाने नवऱ्याच्या मालमत्तेत आपोआप वाटा मिळत नाही. गोव्यात मात्र वेगळं: तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी दुसरा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात आणि वेगळं होताना निम्मी होते. आपल्याकडे पत्नीला आहे तो सामाईक घरात राहण्याचा हक्क, आणि २०२०पासून हे पक्कं आहे की घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही. तो हक्क सांभाळायला पर्यायी घराचं भाडंही कोर्ट देऊ शकतं.

स्त्रीधन तिचं एकटीचं. माहेरचं, सासरचं, रुखवतातलं, पाहुण्यांनी तिच्या हातात दिलेलं. सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून सासूचं होत नाही, मागूनही न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. अडचण पुराव्याची असते. यादी करताना ‘सोन्याचे दागिने वीस तोळे’ असं ढोबळ लिहू नका. मंगळसूत्र, पाटल्या, ठुशी प्रत्येकी वजन, पावती असेल तर सराफाची, नसेल तर लग्नाच्या अल्बममधला फोटो ज्यात तो दागिना अंगावर दिसतो.

संमती अटी

परस्पर संमतीला एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. एकाच छपराखाली असूनही ते होऊ शकतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं, अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दोघांनी हो म्हणायचं. २०१७च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं, पोटगी आणि मुलांचं सगळं ठरलेलं असणं, मध्यस्थी होऊन गेलेली असणं हे दाखवावं लागतं. आणि हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून पैसे एकदम देऊ नयेत आणि शेवटपर्यंत रोखूनही धरू नयेत: काही भाग पहिल्या अर्जाला, काही दुसऱ्या वेळी, शेवटचा धनाकर्ष हुकूमनाम्याच्या दिवशी कोर्टातच.

संमती अटी म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात लिहून दिलेला समझोता. त्यात हमखास सापडणारं वाक्य: ‘दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्धच्या सर्व केसेस मागे घेतील.’ चारशे अठ्ठ्याण्णव-अ, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा गुन्हा, आताचं न्याय संहितेचं कलम ८५, असं मागे घेता येत नाही. तो तडजोडीचा गुन्हा नाही. उच्च न्यायालयात तो रद्द करण्याची याचिका लागते आणि पत्नीचं प्रतिज्ञापत्र. अटींमध्ये तारखेसह लिहून घ्या: याचिका कोण करेल, प्रतिज्ञापत्र कधी, आणि ते झाल्यावर कुठला हप्ता. नाहीतर घटस्फोट होतो, पैसे जातात, आणि फौजदारी तारखा चालूच राहतात.

दुसरं वाक्य: ‘पत्नी स्वतःच्या व मुलाच्या पोटगीचा हक्क कायमचा सोडत आहे.’ मुलाचा हक्क आईचा नाही, तो तिला सोडता येत नाही. उद्या मुलासाठी अर्ज आला तर हे वाक्य वडिलांना वाचवत नाही.

तिसरं, फ्लॅट पत्नीच्या नावे करणं. हुकूमनाम्याआधी नोंदणीकृत बक्षीसपत्र केलं तर राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, वर स्थानिक अधिभार लागू शकतो. हुकूमनाम्यानंतर तुम्ही पती-पत्नी उरत नाही आणि ही सवलत हातची जाते. गृहकर्ज चालू असेल तर बँकेची लेखी परवानगी आधी. अटींमध्ये ‘उरलेले हप्ते पती भरेल’ लिहिलंत तरी बँक त्याने बांधली जात नाही. पत्नी सहकर्जदार असेल तर हप्ता चुकल्यावर फोन तिला, आणि सिबिलही तिचं खराब.

हुकूमनामा मिळाल्यावर सही-शिक्क्याच्या निदान चार नकला काढा. नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाकला तर बरं, नंतर रेकॉर्ड रूममधून फाइल काढायला वेळ जातो. वादाच्या प्रकरणात अपिलाची मुदत संपेपर्यंत पुनर्विवाह करता येत नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. पोटगीची किंवा भेटीची अट मोडली तर नवा दावा लावायचा नसतो, त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करायची. आणि भविष्य निर्वाह निधी, विमा, बँक, डीमॅट यांतली नामनिर्देशनं घटस्फोटाने आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक ठिकाणी जाऊन वेगळा फॉर्म भरावा लागतो.